रेवलीचा मूळगट

यंत्राने रेवलीला ओळखलं नाही, तेव्हा तिचा आजा रूपजी वळवी दवाखान्याच्या व्हरांड्यात तंबाखू मळत बसला होता. आतून त्याची लेक, रेवलीची आई रमिला, धावत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"बा, आत चल. मॅडम काय सांगतात ते मला कळत नाही. आणि याकूब नुसता भिंतीकडे तोंड करून उभा आहे."

रूपजीने मळलेली तंबाखू तशीच खिशात टाकली आणि उठला.

रेवली नऊ वर्षांची. तिला सिकलसेल होता. सातपुड्याच्या कुशीत हा आजार काही नवा नाही, तिथे दर चार घरांमागे एकात त्याचं नाव निघतं. पण रेवलीचं दुखणं फार जोराचं. ते उठलं की ती रडायचीसुद्धा नाही. गुडघे पोटाशी घेऊन आईच्या ओढणीचं टोक दातांत धरायची आणि पडून राहायची. होळीच्या आधी तिचा डावा हात लुळा पडला, तो अर्धाच परत आला. आता छातीत कळा येऊ लागल्या होत्या. पुढचा झटका छातीवर बसला तर पोर हाती लागणार नाही, असं बोरसे मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. त्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर, खानदेशातल्याच, बोलायला रोखठोक. पण आशाही त्यांनीच दाखवली होती. रक्ताची चूक मुळातून दुरुस्त करणारं औषध तालुक्याला आलं होतं, तेही फुकट. एकदा सलाईनमधून दिलं की जन्माची सुटका.

आणि आज त्या औषधाच्या यंत्राने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं.

पडद्यावर दोन लांब पट्ट्या दिसत होत्या. एक रेवलीला आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यांत कुठे कुठे हिरवे ठिपके होते. बाकी सगळं लाल.

"लाल म्हणजे?" रूपजीने विचारलं.

"लाल म्हणजे अनोळखी," मॅडम म्हणाल्या. "बसा. रमिला, तूही बस. याकूब, इकडे बघ."

मग त्यांनी समजावलं. रक्तातली लाल पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतूनही वाकून जाते. या आजारात ती विळ्यासारखी होते आणि नळीत अडकून बसते. ज्या चुकीमुळे हे होतं, ती चूक जगात एकाच ठिकाणी झालेली नाही. आफ्रिकेत ती वेगळी झाली, आपल्या बाजूला वेगळी झाली. दोन्हीकडे हिवतापाने माणसं मरत होती, आणि ज्याला ही चूक आईबापांपैकी एकाकडूनच मिळते त्याला हिवताप सहसा मारत नाही. म्हणून चूक टिकली. दोघांकडूनही मिळाली की मात्र आजार.

"रेवलीला एक तुमच्याकडून आली," मॅडम रूपजीला म्हणाल्या, "आणि एक याकूबकडून."

रेवलीचा बाप याकूब सिद्दी जमातीचा. त्याचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले. त्याची वस्ती नर्मदेच्या पलीकडे, गुजरातेत. केळीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तो इकडे यायचा. रमिलाने त्याच्याशी लग्न केलं आणि पाड्याने रूपजीचं घर वाळीत टाकलं, त्याला दहा वर्षं होत आली होती.

"मग औषध द्या ना," रमिला म्हणाली. "चूक सापडली आहे तर."

"औषध म्हणजे एक कात्री समज. तिला पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्यावर जाऊन ती चूक कापते. पण तसाच पत्ता शरीरात आणखी कुठे असेल तर?" मॅडमनी रूपजीकडे पाहिलं. "काका, टपालवाल्याला नुसतं पिंपळखुटा सांगितलं तर तो कुठे जाईल?"

"आमच्या बाजूला दोन आहेत. एक इकडचं, एक घाटाखालचं."

"तेच. चुकीच्या पिंपळखुट्याला कात्री गेली तर कॅन्सर होऊ शकतो, मेंदूत काही होऊ शकतं. तुमच्या रक्तात सारख्या नावाची गावं कुठे कुठे आहेत ते आधी कळायला हवं. मुंबईचं मोठं यंत्र अख्खं रक्त वाचतं, पण तिथली रांग दोन वर्षांची. आपलं यंत्र स्वस्तातलं. ते नुसते मैलाचे दगड वाचतं आणि मधला रस्ता त्या माणसाच्या मूळगटाच्या नकाशावरून भरून घेतं. मूळगट म्हणजे ज्यांचे पूर्वज एक, अशा माणसांचा गट. रेवलीचा रस्ता भरायला यंत्राकडे नकाशाच नाही. ना आईकडचा, ना बापाकडचा."

हा काळच तसा होता. जात विचारणं असभ्य झालं होतं, आता लोक पट्टी विचारत. मोबाईलवर थुंकी तपासली की प्रत्येकाची रंगीत वंशपट्टी येई. पुण्या-मुंबईची पोरं ती सदऱ्यावर छापून मिरवायची, जितके रंग जास्त तितकी ऐट. लग्नाच्या जाहिरातीतही रंग असत. पण बाजाराच्या गावांत रेवलीसारख्या पोरांना लोक 'मिसळ' म्हणत आणि हसत. शहरात जी मिरवायची वस्तू, तीच यंत्राला चालत नव्हती. त्याला एकेका रंगाचे सरळ लोक हवे होते.

"आमच्याकडचा नकाशा नाही कसा?" रूपजी म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी माणसं आली होती की पाड्यावर, नळ्या घेऊन."

"आली होती. सगळ्या नळ्या भरूनही मिळाल्या." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सगळ्या नळ्यांत एकच माणूस निघाला, काका. म्हणून तुमच्या जमातीचा या भागातला नकाशा रद्द झाला."

रूपजीला आधी हसूच आलं. तो किस्सा पाड्यात दर होळीला रंगायचा. माणूस थुंकला की पाड्यात ती थुंकी पायाने पुसतात. थुंकी, नख, केस परक्याच्या हाती लागले तर त्याला करणी करता येते, अशी जुनी समजूत. शिवाय त्याआधी एकदा कोणी रक्त नेलं होतं, ते पुन्हा तोंड दाखवायला आले नव्हते. म्हणून पाड्याचा म्होरक्या, बाज्या डाया, पुढे झाला होता. डाया म्हणजे वडीलधारा. "काय व्हायचं ते माझ्या एकट्याचं होऊ दे," म्हणत त्याने चिंच चघळत चघळत सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या नळ्या एकट्याने भरल्या. बायका पदराआड हसत होत्या, रूपजी स्वतः त्याला चिंचा सोलून देत होता. बाहेरच्या पोरांना चहा पाजून झाडाखाली झोपवलं होतं. बाज्या डाया पुढे म्हातारपणाने मेला, पण सरकारला थुंकीत फसवणारा म्हणून त्याचं नाव राहिलं.

मग रूपजीने त्या लाल पट्टीकडे पाहिलं आणि त्याचं हसू तोंडातच सुकलं.

"आता माणसं आणली तर?" त्याने विचारलं.

"तीसेक आणा. दोनचार दिवसांत नकाशा करते. पण लवकर."

* * *

पाड्याने त्याला पंचांसमोर बोलू दिलं, एवढंच. मोहाच्या झाडाखाली दिवाल्या पाडवी बसला होता. बाज्या डायानंतर तोच म्होरक्या, आणि रूपजीचा लहानपणचा जोडीदार. दोघांनी एकत्र गुरं राखली होती.

"पोर आमची नाही, रूपजी," दिवाल्या म्हणाला. "बापाची. त्यांच्या वस्तीला सांग."

"त्यांनाही सांगितलंय. तिकडे तिची आजी फिरते आहे घरोघर. अर्धं रक्त तिकडचं, अर्धं इकडचं. अर्ध्याने ती वाचत नाही."

"डाया मेला तो आम्हाला सांगून मेला. थुंकी देऊ नका."

"डायाने स्वतःची दिली ना?"

"त्याने स्वतःवर घेतलं."

"मग मीही घेतो," रूपजी म्हणाला.

तो उठला, पळसाची पानं तोडली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभा राहून पानावर थुंकायचा, कोयत्याने डोक्याचे दोन केस कापून त्यावर ठेवायचा, पान दुमडून घरच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तुमची थुंकी मी नेतो, माझी तुमच्याकडे ठेवतो. तुमच्या पोराबाळांना काही झालं तर माझ्यावर काय करायचं ते करा. मी करणी उतरवायला बडव्या भगताकडे जाणार नाही." दहा वर्षं ज्या अंगणांत पाय ठेवला नव्हता तिथे तो म्हातारा कोरड्या तोंडाने उभा राहत होता. शेवटच्या घरांना थुंकी उरली नाही, तेव्हा बोंडी नावाच्या विधवेने त्याला पाणी दिलं. वाळीत टाकलेल्याला पाणी दिलं म्हणून कोणी तिला बोललं नाही. दिवाल्याने सगळ्यांच्या शेवटी पान घेतलं आणि पागोट्यात खोचलं.

दुसऱ्या दिवशी याकूबने केळीची गाडी आणली. मागे हौद्यात सगळे दाटीवाटीने बसले, पण ड्रायव्हरशेजारची जागा कोणी घेईना. शेवटी दिवाल्याच पुढे चढला, दाराला चिकटून बसला.

वळण आलं तसा तो म्हणाला, "हळू चालव."

"हळूच चालवतो आहे, मामा," याकूब म्हणाला.

"मला मामा म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

दिवाल्याने विचार केला. "काही म्हणू नको. रस्ता बघ."

* * *

दवाखान्यात सिद्द्यांची वस्ती आधीच येऊन बसली होती. याकूबची आई हवाबू त्यांच्या पुढे. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. वॉर्डात रेवलीचे पाय दाबताना ती तिला सांगत असे, "तुझ्या बापाचा बाप ढोल वाजवायचा, तर नर्मदेतले मासे वर येऊन बघायचे." रेवली विचारायची, "दादी, मग तुम्ही ते पकडायचात?" आणि हवाबू म्हणायची, "नाही तर काय, नुसतं बघायचं?" त्या दिवशी मात्र पोरीने काही विचारलं नाही. तिच्या नाकाला नळी होती आणि श्वास भात्यासारखा वाजत होता.

सगळ्यांची थुंकी दिली गेली. दोन दिवस माणसं दवाखान्याच्या आवारातच राहिली, पाडा लिंबाखाली, सिद्दी भिंतीच्या सावलीला. मधल्या जागेत दोन्हीकडची पोरं खेळत.

तिसऱ्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"नकाशा नामंजूर झाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही चुकीचं केलं नाही. पण गटात एकाच मुळाची माणसं हवीत असा यंत्राचा नियम आहे. पाड्यातल्या जवळजवळ अर्ध्या माणसांत आफ्रिकेचा तुकडा निघाला. फार जुना. आठ-दहा पिढ्यांपूर्वीचा. आणि सिद्द्यांच्या प्रत्येकात इथल्या डोंगरातला तुकडा आहे. दोन्ही गट यंत्राने मिश्र म्हणून बाहेर टाकले."

दिवाल्याने विचारलं, "माझ्यात?"

"तुमच्यात सगळ्यांत जास्त."

हवाबूने कपाळावर हात मारला आणि एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं. "अरे दिवाल्याभाई! मग तू माझा दीर लागतोस की! दहा वर्षं सुनेला वाळीत टाकलंस, घरचाच निघालास!"

पाड्यातल्या दोन बायका खुदकन हसल्या. दिवाल्या हसला नाही. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"यावर वाट काहीच नाही?" रूपजीने विचारलं.

"एक आहे." मॅडम सावकाश बोलू लागल्या. "नवा नियम आलाय. मिश्र गट म्हणून वेगळा नकाशा करता येतो. तुम्ही आणि सिद्दी मिळून एक. पण प्रत्येकाने यंत्रासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी या मिश्र गटाचा आहे. जितकी माणसं सांगतील तितका रस्ता भरेल, तितकी कात्री चुकायची भीती कमी. मात्र ते सांगणं देशाच्या नोंदीत जातं. कायमचं. हे मी लपवणार नाही."

दिवाल्या पटकन उभा राहिला. "म्हणजे उद्या सरकार म्हणणार, तुम्ही आदिवासी नाहीतच. मिश्र आहात. दाखला गेला. पोरांच्या आश्रमशाळेतल्या जागा गेल्या. जंगलातली जमीन मिळवायला माझा बाप तुरुंगात गेला, ती गेली. बाजारातले शेठ वाटच बघतायत."

"तसं होईलच असं नाही," मॅडम म्हणाल्या.

"होणार नाही असं लिहून देता?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

दिवाल्या रूपजीकडे वळला. त्याच्या आवाजात वैर नव्हतं, आणि तेच रूपजीला सोसवेना. "एका पोरीसाठी अख्खा पाडा देऊ? तू माझ्या जागी असतास तर दिला असतास?"

रूपजीला दिवाल्याची नातवंडं दिसत होती, त्यांची दप्तरं, जंगलाच्या कडेची ती ज्वारी. आणि आतून भात्याचा आवाज येत होता. दोन्ही खरं होतं. शेवटी तो म्हणाला, "मी मागत नाही. मागायला मला तोंड नाही."

तो एकटा यंत्रासमोर गेला आणि म्हणाला, "मी रूपजी वळवी. मी या गटाचा." त्याच्यामागे हवाबू. मग सिद्द्यांतली काही माणसं. सगळी नाहीत, त्यांनाही दाखल्याची भीती होतीच. पट्टीतला थोडा लाल भाग हिरवा झाला, तो बापाच्या बाजूचा. आईची बाजू लालच राहिली.

पाड्याची माणसं गाडीत जाऊन बसली. पण गाडी चालवायला याकूब नव्हता. तो आत लेकीचा हात धरून बसला होता, आणि त्याला उठवायची कोणाची छाती झाली नाही. ऊन चढत होतं. हौद्याचा पत्रा तापला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात बोंडी खाली उतरली.

"कुठे चाललीस?" दिवाल्या म्हणाला.

"आत."

"मी काय सांगितलं ते ऐकलंस ना? दाखला जाईल."

"कोणाचा? माझ्या पोराचा दाखला त्याच्या बापाच्या नावावर निघाला. आजाच्या, पणजाच्या नावावर निघाला. माझं नाव कोणी विचारलं का? मी दुसऱ्या गावची, लग्न करून आलेली. तुमच्या दाखल्यात माझं रक्त धरतच नाहीत."

"तू आमच्या घरची आहेस."

"घरात तुमची," बोंडी म्हणाली, "कागदावर कोणाचीच नाही. मग आज तेवढं तरी उपयोगी पडू दे."

ती गेली. गाडीत कुजबूज झाली. मग दिवाल्याची स्वतःची बायको खाली उतरली, एक शब्द न बोलता, नवऱ्याच्या गुडघ्याला हात टेकून. तिच्यामागे आणखी दोघी, मग तिघी. दिवाल्याने बायकोला हाक मारली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

बायका एकेक करून यंत्रासमोर उभ्या राहिल्या. एकीला मोठ्याने बोलायची लाज वाटली, तिला मॅडमनी तीनदा बोलायला लावलं. आईच्या पट्टीत हिरवं पसरत गेलं, थांबलं, पुन्हा थोडं पसरलं. सगळ्या झाल्या तरी एक लाल भाग उरला. यंत्राचं कुलूप निघालं होतं, पण पडद्यावर धोक्याची खूण तशीच राहिली.

रूपजी बाहेर आला. दिवाल्या गाडीला टेकून उभा होता. त्याने पागोट्यातलं पळसाचं पान काढून दाखवलं, वाळून चुरगळलेलं.

"हे मी परत देणार नाही," तो म्हणाला. "जमिनीला काही झालं तर तुझ्याकडेच येईन."

"ठेव," रूपजी म्हणाला. "तुझा हक्क आहे."

दिवाल्या पुरुषांना घेऊन पायी निघाला. बायका व्हरांड्यातच बसून राहिल्या.

आत रेवलीचे ओठ निळे पडत चालले होते. मॅडमनी रमिलाला आणि याकूबला बाजूला घेतलं. "जे उरलंय ते भरायला माणसं नाहीत, आणि थांबायला वेळ नाही. तिथे काय आहे ते मला माहीत नाही, यंत्रालाही नाही. कात्री बरोबर जाईल किंवा चुकेल. नाही दिलं तर काय होईल ते मात्र मला माहीत आहे. तुम्ही सांगा."

याकूबने रमिलाकडे पाहिलं. रमिलाने बापाकडे पाहिलं. रूपजी बापाच्या सवयीने पुढे झाला आणि परत मागे सरला. या वेळी ओलीस ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"द्या," रमिला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नसेल.

बाटली लटकली. नळीतून औषध उतरू लागलं, पाण्यासारखं, बिनरंगाचं. हवाबू पायाशी बसून ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होती, दारात बोंडी याहामोगी देवीला हाका मारत होती. रेवलीने डोळे उघडले.

"आजा, याने आणखी दुखेल?"

"नाही गं," रूपजी म्हणाला.

त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तिचा लुळा हात उचलून आपल्या हातात घेतला, आणि पहिला थेंब आत जाताना पोरीने डोळे मिटले तसे आपलेही मिटून घेतले.